लाइव्ह शोमध्ये कॉलरचा आवाज खराब का येतो? कारणं आणि घरच्या सेटअपमध्ये करता येणारे उपाय

"हॅलो... हॅलो, येतोय का आवाज? हां, बोला दादा." रेडिओ असो, टीव्ही असो की यूट्यूबवरचा लाइव्ह, श्रोत्यांचे फोन घेणाऱ्या कार्यक्रमात प्रत्येक कॉलची पहिली काही सेकंदं अशीच जातात. दूरदर्शन सह्याद्रीवर 'हॅलो सह्याद्री' बघत मोठे झालेल्यांच्या कानात तर हे वाक्य पक्कं बसलेलं असेल. आता असा कार्यक्रम करायला स्टुडिओ लागत नाही. एक लॅपटॉप, एक माइक, एक फोन, की झालं सुरू. फक्त स्टुडिओत काचेपलीकडे बसून आवाजाकडे लक्ष देणारा जो एक माणूस असतो, तो घरच्या सेटअपमध्ये नसतो.

आमच्याकडे तो माणूस मी आहे. माझा मामा तासगावला द्राक्षबाग करतो आणि दर रविवारी संध्याकाळी यूट्यूबवर लाइव्ह येऊन शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतो. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, साउंड इंजिनियर नाही. सुरुवातीला मामाने फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर ठेवला, मीही म्हटलं चालतंय की.

मग एका रविवारी एका कॉलरने विचारलं, पंधरा लिटरच्या पंपाला अमुक औषध इतकं मिली टाकलं तर चालेल का? मामा म्हणाला, "चालेल, बिनधास्त मारा." कॉल संपला. मला मात्र शंका आली. रेकॉर्डिंग मागे घेऊन हेडफोनवर तीनदा ऐकलं, तरी आकडा 'सात' आहे की 'साठ' ते कळेना. मामाने सात ऐकलं होतं. आम्ही त्यांना परत फोन लावला, तर ते म्हणाले साठ! दुसऱ्या दिवशी सकाळी ते फवारणी करणार होते. बाग वाचली ती निव्वळ परत फोन केला म्हणून. त्यानंतर मी हा विषय नीट वाचायला घेतला. या लेखात आहे ते त्या वाचनातून आणि नंतरच्या रविवारच्या चुकांमधून आलेलं आहे.

फोनमधून आवाजाचा नेमका किती भाग पोचतो?

तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. जुन्या टेलिफोनने त्यातला फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा घ्यायचा असं ठरवलं, कारण तेवढ्यात बोलणं समजतं आणि तारांवर जास्त कॉल बसतात. पुढे फोन डिजिटल झाला तेव्हा याच पट्ट्यासाठी सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घ्यायची पद्धत आली. १९७२ सालचं जी.७११ नावाचं ते मानक आजही लँडलाइन आणि ऑफिसच्या फोन यंत्रणांमध्ये सर्रास वापरात आहे. आवाजाचं डेटामध्ये आणि डेटाचं परत आवाजात रूपांतर करणाऱ्या अशा पद्धतीला कोडेक म्हणतात. टूजीवरचा मोबाईल कॉल सहसा याच अरुंद पट्ट्यात चालतो, शिवाय तो आणखी दाबलेला असतो.

आता 'स' मोठ्याने म्हणून बघा. त्यातली जी सळसळ आहे, तिचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे साध्या कॉलमध्ये तो पोचतच नाही. आपण 'साखर' ऐकतो ते बरंचसं संदर्भावरून. आकड्याला, औषधाच्या नावाला, गावाच्या नावाला असा संदर्भ नसतो, म्हणून घोळ नेमका तिथेच होतो. 'सात' आणि 'साठ' मध्ये फरक आहे शेवटच्या अक्षरात. त ला जीभ दातांना लागते, ठ ला ती मागे टाळूला लागते आणि वर हवेचा छोटा झोत सुटतो. यंत्राच्या दृष्टीने तो झोत म्हणजे क्षणभराचा गोंगाट. गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर त्याला ओळखीचं समजेल याची खात्री नाही.

एचडी व्हॉइस म्हणजे याच पट्ट्याची रुंदी वाढवणं. व्होल्टी कॉलमध्ये सहसा वापरला जाणारा एएमआर-वाइडबँड कोडेक साधारण ५० ते ७००० हर्ट्झचा आवाज नेतो. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं तेच फक्त फोरजीवर, म्हणजे व्होल्टीवर. तेव्हा 'आवाज एकदम शेजारी बसल्यासारखा येतो' असं लोक म्हणायचे, ते या वाढलेल्या पट्ट्यामुळे. पण अट अशी, की दोन्ही टोकांचे फोन, दोन्ही कंपन्यांची नेटवर्क आणि मधला जोड, सगळ्यांनी वाइडबँड सांभाळला पाहिजे. एक जरी कडी जुनी निघाली तर पूर्ण कॉल अरुंद पट्ट्यावर उतरतो. त्यामुळे तुमच्या शोचा नंबर लँडलाइनवरून वळवलेला असेल किंवा तो फोन खोलीत टूजी पकडत असेल, तर समोरच्याकडे कितीही चांगला फोन असून उपयोग नाही.

इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलमध्ये ओपस हा कोडेक जास्त दिसतो. २०१२ मध्ये तो मानक म्हणून आला. नेट कमी पडलं की हा सेकंदाला ६ किलोबिटपर्यंत खाली येतो आणि नेट भरपूर असेल तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा पूर्ण आवाज नेतो. म्हणून चांगल्या नेटवर तोच माणूस व्हॉट्सॲप कॉलवर जास्त स्पष्ट ऐकू येतो आणि वाईट नेटवर तोच कॉल साध्या कॉलपेक्षा जास्त फाटतो. कुठला कॉल घ्यायचा हे कॉलर कुठे उभा आहे त्यावर ठरवा, ॲपच्या नावावर नको.

फोन स्पीकरवर टाकून माइकसमोर ठेवणं बंद करा

यात काय होतं बघा. आधीच अरुंद झालेला आवाज फोनच्या नखाएवढ्या स्पीकरमधून बाहेर पडतो, खोलीच्या भिंतींवर आपटतो आणि पंख्याच्या आवाजासोबत माइकमध्ये शिरतो. उलट दिशेने मामाचा आवाजही खोलीतून फिरून फोनच्या माइकमध्ये जातो. दोन्ही बाजूंचं नुकसान.

फोन तारेने जोडला की अर्धा त्रास तिथेच संपतो. हेडसेटच्या ३.५ मिलिमीटरच्या पिनवर चार कड्या असतात: डावा, उजवा, ग्राउंड आणि माइक. ही पिन दोन तारांमध्ये फोडणारी केबल बाजारात मिळते. एका तारेने कॉलरचा आवाज मिक्सरमध्ये येतो, दुसरीने तुमचा आवाज फोनला 'माइक' म्हणून जातो. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर घ्या, पण माइक चालणारा. काही अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात.

यात एक खड्डा आहे, मी त्यात पडलो म्हणून सांगतो. फोनच्या माइक इनपुटला काही मिलिव्होल्टची सवय असते आणि मिक्सरमधून निघणारा सिग्नल त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. थेट जोडला की कॉलरला तुमचा आवाज फाटका, खरखरीत ऐकू येतो, आणि तुम्हाला मात्र सगळं छान वाटत राहतं. मध्ये सुमारे ४० डेसिबलने, म्हणजे व्होल्टेज शंभराव्या हिश्श्यावर आणणारा अटेन्युएटर लावा. काही केबलमध्ये तो आतच असतो. दुसरं म्हणजे शो चालू असताना तो फोन चार्जिंगला लावू नका. चार्जरच्या वाटेने ५० हर्ट्झची घरघर हमखास शिरते. फोन टूजीवर असेल तर मिक्सरच्या केबलपासून लांब ठेवा. नाहीतर जुन्या स्पीकरजवळ फोन ठेवल्यावर यायचा तसा 'टर्र टर्र' आवाज कार्यक्रमात जाईल.

मिक्स-मायनस: हा एक शब्द लक्षात ठेवा

कॉलरला काय ऐकवायचं? पूर्ण कार्यक्रमाचा आवाज परत पाठवला, तर त्यात त्याचा स्वतःचा आवाजही असतो, तोही थोडा उशिराने. आपलाच आवाज साधारण २०० मिलिसेकंद उशिरा कानावर पडला तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो, शब्द लांबवतो, मध्येच थांबतो. मानसशास्त्रात यावर दशकानुदशकं प्रयोग झालेले आहेत. आपण समजतो कॉलर घाबरलाय. घाबरलेला नसतो, त्याच्या कानात त्याचंच बोलणं परत येत असतं.

म्हणून कॉलरला पाठवायचं ते असं: कार्यक्रमाचा पूर्ण आवाज वजा त्या कॉलरचा स्वतःचा आवाज. यालाच मिक्स-मायनस म्हणतात. मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला ऑक्स नावाचा नॉब असतो. मामाच्या माइकचा ऑक्स वर, लॅपटॉपच्या आवाजाचा ऑक्स वर, कॉलरच्या चॅनेलचा ऑक्स शून्य. ऑक्सचं आउटपुट फोनच्या माइक तारेला. एवढंच. दोन कॉलर एकाच वेळी घ्यायचे असतील तर दोन वेगळे ऑक्स लागतात, कारण पहिल्याला दुसरा ऐकू आला पाहिजे आणि दुसऱ्याला पहिला. एका ऑक्सवर दोघांना बसवायचा जुगाड करू नका, दोन्हीपैकी एक जण नक्की अडकतो.

झूम किंवा गूगल मीटमध्ये तुम्हाला हे करावं लागत नाही, कारण तिथलं सॉफ्टवेअर प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आवाज वगळूनच पाठवतं. भानगड सुरू होते ती एक पाहुणा मीटवर आणि एक कॉलर फोनवर असा मेळ घातला की. मीटला जाणाऱ्या आवाजात मीटचा पाहुणा नको, फोनला जाणाऱ्या आवाजात फोनचा कॉलर नको, पण एकमेकांचे हवेत. आधी कागदावर बाण काढा आणि मग केबल लावा. हे काम आपोआप करणारे छोटे मिक्सरही आहेत. रोडकास्टर प्रो आणि झूमचा पॉडट्रॅक पी४ ही त्यातली माहितीतली नावं. पण महिन्याला चार शो करायचे असतील तर ऑक्स असलेला साधा मिक्सर पुरतो असं माझं मत.

लँडलाइनच्या काळात हेच काम जास्त अवघड होतं, कारण जाणारा आणि येणारा आवाज त्याच दोन तारांवरून धावतो. तो वेगळा करायला रेडिओ स्टेशनवर टेलिफोन हायब्रिड नावाची पेटी असायची, आणि ती नीट जुळवलेली नसली की निवेदकाचाच आवाज डबा वाजवल्यासारखा परत यायचा.

"तुमच्या टीव्हीचा आवाज बंद करा"

हे वाक्य ऐकून तुम्ही हसला असाल, पण कारण साधं आहे. तुम्ही लाइव्ह बघता तो यूट्यूबवरचा आवाज कित्येक सेकंद मागे असतो. परदेशात काही रेडिओ स्टेशनं मुद्दाम सात सेकंदांच्या आसपास उशीर ठेवतात, म्हणजे कोणी शिवी दिली तर बटण दाबून ती गाळता येते. कॉलरच्या खोलीत टीव्ही चालू असेल तर तो मागचा आवाज फोनमधून पुन्हा कार्यक्रमात येतो, आणि कॉलर टीव्हीतल्या मामाला उत्तर द्यायला लागतो. प्रत्यक्ष मामाचा पुढचा प्रश्न तोवर निघून गेलेला असतो. मिक्स-मायनस कितीही अचूक असलं तरी इथे ते कामाचं नाही. टीव्ही बंदच करायला सांगा, 'कमी करा' नको. कमी केलेला टीव्ही फोनचा माइक बरोबर शोधून काढतो.

स्पीकरफोन आणि आपलं 'हं, हं, बरोबर'

कॉलरने फोन स्पीकरवर टाकला असेल तर त्याच्या फोनपुढे एक कोडं असतं. स्पीकरमधून मामाचा आवाज निघतोय, तोच माइकमध्ये शिरतोय. फोनमधलं इको कॅन्सलर त्या आवाजाचा अंदाज बांधून तो वजा करतं. एकानेच बोलायचं असेल तोवर हे जमतं. दोघं एकदम बोलले की गणित बिघडतं, आणि साधे फोन अशा वेळी कॉलरचा आवाजच दाबून टाकतात.

आता आपल्या बोलण्याची सवय बघा. समोरचा बोलतोय आणि आपण गप्प, असं आपल्याकडे होत नाही. मध्ये मध्ये 'हं', 'बरं', 'हो ना', 'बरोबर' टाकलं नाही तर समोरच्याला वाटतं ऐकतायत की नाही. मामा तर दर तीन शब्दांनी 'हांऽऽ' म्हणतो. स्पीकरफोनवरच्या कॉलरच्या बाबतीत त्या प्रत्येक 'हं' ला कॉलरचा एक शब्द कापला जातो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मी हे मोजत बसलो नाही, पण एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. मामाला मी एवढंच सांगितलं की कॉलर बोलत असताना मान हलव, तोंड उघडू नकोस. त्याने दोन रविवार कुरकुर केली. पण लाइव्हचा व्हिडिओ कॉलरलाही दिसतोच की, भले काही सेकंदांनी.

कॉल कितीही चांगला असला तरी आवाज जायला-यायला वेळ लागतो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं जी.११४ हे मानक सांगतं. इंटरनेट कॉल आणि वर ब्लूटूथ असं केलं तर तेवढा उशीर सहज ओलांडला जातो. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, "तुम्ही बोला", "नाही नाही, तुम्ही बोला". प्रश्न विचारून झाल्यावर मनात एक आकडा मोजून मग बोलायचं, हा निवेदकासाठी फुकटातला उपाय.

महाग इअरबड्स, स्वस्त आवाज

वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या कानात आत्ता ब्लूटूथ इअरबड्स असतील, म्हणून हे नीट सांगतो. गाणं ऐकताना इअरबड्स एका पद्धतीने चालतात, त्यात आवाज एकाच दिशेने, चांगल्या दर्जाचा येतो. कॉल लागला, माइक सुरू झाला की ते हँड्सफ्री प्रोफाइल नावाच्या दुसऱ्या पद्धतीवर जातात. तिथे जुन्या कोडेकमध्ये सेकंदाला ८००० नमुने, थोड्या नव्या एमएसबीसीमध्ये १६,०००. म्हणजे पाच हजारांचे इअरबड्स लावून तुम्ही आवाज परत टेलिफोनच्या जमान्यात नेऊ शकता. त्यात माइक कानाजवळ, तोंडापासून लांब, आणि वारा असेल तर संपलंच. नव्या एलई ऑडिओमध्ये हे बरंच सुधारलंय, पण त्यासाठी फोन आणि बड्स दोन्ही त्या पद्धतीचे लागतात.

शोला फोन करायचा असेल तर पहिली पसंती फोन थेट कानाला लावणं. दुसरी पसंती साधा वायरवाला इअरफोन. त्यालाही एक खोड आहे, तारेवरचा माइक कपड्यांना घासतो. एका ताईंच्या कॉलमध्ये सारखी किणकिण येत होती. आम्हाला वाटलं गुरांच्या घंटा आहेत. माइक मंगळसूत्राला लागत होता!

आयफोन असेल तर कॉल चालू असताना कंट्रोल सेंटरमध्ये माइक मोड बघा. त्यातला व्हॉइस आयसोलेशन हा पर्याय आयओएस १६.४ पासून साध्या फोन कॉललाही चालतो आणि मागचा गोंगाट चांगलाच कमी करतो.

लाइव्हवर घेण्याआधीचा एक मिनिट

पैसे न घालता सर्वात जास्त फरक पडला तो इथे. आधी आम्ही येईल तो फोन थेट लाइव्हवर घ्यायचो. आता दुसऱ्या नंबरवर माझी मामेबहीण बसते. ती कॉलरशी मिनिटभर बोलते. नाव, गाव, प्रश्न थोडक्यात विचारते आणि त्या निमित्ताने आवाज ऐकते. स्पीकरवर आहात का, टीव्ही बंद केला का, कुठे उभे आहात, जवळ मोटर चालू आहे का. चालत बोलू नका, एका जागी थांबा. घरात रेंज जात असेल तर अंगणात या, पण वाऱ्याकडे पाठ करून. आवाज फारच तुटत असेल तर कॉल कापून परत लावायचा. नव्या कॉलला कधी कधी वेगळी वाट मिळते आणि चमत्कार झाल्यासारखा आवाज सुधारतो. कधी काहीच होत नाही.

आकडे ती लिहून घेते आणि उलट विचारते: "सात, म्हणजे सहानंतरचा सात, का सहावर शून्य साठ?" मामालाही लाइव्हमध्ये हेच करायला लावलंय. मामा आकडा परत म्हणतो, कॉलर 'हो' म्हणतो, मगच उत्तर. ऐकणाऱ्या बाकीच्यांनाही यातून आकडा दोनदा मिळतो, त्यातला एक स्टुडिओच्या स्वच्छ माइकवरून. कार्यक्रम लाइव्ह जातोय आणि रेकॉर्ड होतोय हेही तीच सांगते. कॉलरचा नंबर स्क्रीनवर दिसणार नाही याची काळजी आमची.

मिक्सरमध्ये काय होतं, काय होत नाही

जे आवाजात आलंच नाही ते कुठल्याही फिल्टरने येत नाही. अरुंद पट्ट्याच्या कॉलला ट्रेबल वाढवून बघा, ३४०० हर्ट्झच्या वर बोलणं नाहीच, त्यामुळे फक्त 'हिस्स' वाढतो. उपयोगाच्या गोष्टी मोजक्या आहेत. १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे फक्त घरघर आणि वारा असतो. २००० ते ३००० च्या आसपास अगदी थोडं वाढवलं तर शब्द पुढे येतात. कॉम्प्रेसर साधारण तीनास एक ठेवा, म्हणजे हळू बोलणारा आणि ओरडून बोलणारा जवळपास सारखे ऐकू येतील. ओबीएस वापरत असाल तर निवेदक आणि कॉलर दोघांचेही मीटर बोलताना पिवळ्या पट्ट्यात नाचले पाहिजेत. मग एकदा स्वतःच्या फोनच्या स्पीकरवर ऐकून बघा, कारण आपले बहुतेक प्रेक्षक तसंच ऐकतात.

ओबीएसमध्ये नॉइज सप्रेशनसाठी आरएनएनॉइज हा पर्याय आहे. गंमत म्हणजे तो ज्यांनी लिहिला, त्या ज्याँ-मार्क वालँ यांचा ओपस कोडेक बनवण्यातही मोठा वाटा आहे. फिल्टर चांगला आहे, पण कॉलरच्या फोनने एकदा गोंगाट काढलेला असतो. त्यावर तुम्ही पुन्हा काढला की शब्दांची टोकं जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. मी कॉलरच्या चॅनेलवर तो बंद ठेवतो आणि मामाच्या माइकवर चालू. कोणी फोनवर अभंग म्हणायला लागलं तर अजून वाईट. मागे धरलेला हार्मोनियमचा किंवा तानपुऱ्याचा अखंड सूर या फिल्टरांना पंख्याच्या आवाजासारखा वाटतो आणि ते तो खाऊन टाकतात. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड' ही सोय आहे. साध्या फोन कॉलला तसं काही नाही.

एक सेटिंग मी विचार करून बंद ठेवलंय, ते म्हणजे डकिंग. यात निवेदक बोलला की कॉलरचा आवाज आपोआप खाली जातो. वादाच्या टॉक शोमध्ये हे आवडीने वापरतात, कारण निवेदकाला कॉलरवर कुरघोडी करता येते. शेतकऱ्याने "नाही साहेब, तसं नाही झालं" म्हणायच्या वेळी त्याचा आवाज दाबला गेला तर मामाचा सल्ला चुकेल.

नेटवर्कच नसेल तर?

जुनी रेकॉर्डिंग ऐकताना एक गोष्ट मला खटकली. ज्यांचा आवाज तुटत होता त्यांना आम्ही पटकन "बरं, धन्यवाद, पुढचा कॉल घेऊ" म्हणत होतो. तालुक्याच्या गावातल्या कॉलरला पाच मिनिटं आणि डोंगराकडच्या वाडीतल्या माणसाला अर्धं मिनिट. मुद्दाम नव्हतं, पण होत होतं. आणि अनेकदा अडचण मोठी त्याचीच असायची.

इथे एक तांत्रिक गोष्ट मदतीला आली. इंटरनेटवरच्या लाइव्ह कॉलमध्ये आवाज छोट्या पॅकेटमध्ये कापून पाठवतात, साधारण २० मिलिसेकंदांचं एक. पॅकेटं मागे-पुढे पोचतात म्हणून समोरचा फोन ती थोडा वेळ साठवून क्रमाने लावतो, पण वेळेत न आलेलं पॅकेट तो सोडून देतो. थांबला तर संभाषणच थांबेल. व्हॉइस नोटचं तसं नाही. ती आधी फोनमध्येच पूर्ण रेकॉर्ड होते आणि फाइल म्हणून जाते. एखादा तुकडा हरवला तर तो परत मागवला जातो. एक मिनिट लागेल, तीन लागतील, पण पोचते ती अख्खी.

त्यामुळे आता कॉल तुटत असेल तर मामेबहीण म्हणते, "दादा, तुमचा प्रश्न तीस सेकंदांत व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. फोन कानाजवळ धरून, एकट्या जागी." नोट आली की आधी आम्ही ऐकतो, आकडे लिहितो, मग लाइव्हमध्ये वाजवतो. त्याच वेळी कॉलरला साध्या कॉलवर जोडलेलं ठेवतो. मामा उत्तर देताना मध्येच विचारतो, "डाउनी पानाच्या खालच्या बाजूला दिसतोय ना?" तेव्हा तुटक्या लाइनवरून फक्त 'हो' किंवा 'नाही' आलं तरी काम भागतं. नोट वाजवण्यासाठी लॅपटॉपचा आवाज वापरत असाल, तर त्याचा ऑक्स वर आहे ना ते बघा. नाहीतर कॉलरला कळतच नाही की त्याचा प्रश्न वाजून झाला, आणि तो नोट चालू असतानाच "हॅलो, हॅलो" सुरू करतो.

बोलता बोलता कॉल कट झालाच, तर निवेदकाने "हॅलो, हॅलो" करत बसू नये. कॉलरने तोवर विचारलेलं दोन वाक्यांत परत सांगायचं आणि उत्तर सुरू करायचं. तेवढ्या वेळात दुसऱ्या नंबरवरून परत फोन लावून त्याला गुपचूप लाइनवर आणून ठेवायचं काम माझ्यासारख्याचं. त्यासाठी प्रत्येक कॉलरचा नंबर लाइव्हवर घ्यायच्या आधीच वहीत लिहिलेला हवा. शो चालू असताना फोनच्या कॉल लिस्टमध्ये नंबर शोधायला गेलात की त्याच मिनिटाला चार नवे कॉल येतात आणि तो नंबर खाली ढकलला जातो.